बहिगाचं जेवणाचं आमंत्रण

उस्ताद वगदी आमच्या कचेरीत आले ते थकूनच आले. हयातभर त्यांनी रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, मग रेडिओला श्रुतिका नकोशा झाल्या. उतारवयात शुब्रा वस्तीतल्या आमच्या फ्रीज-दुरुस्तीच्या कंपनीत त्यांच्या गळ्यात बहिगा पडली. बहिगा म्हणजे कंपनीचा चॅटबॉट. गिऱ्हाइकानं फोनवर काही लिहिलं की उत्तर द्यायची बहिगा, आणि तिच्या तोंडचं वाक्य न् वाक्य लिहायचे उस्ताद. मी खाली चौकशीच्या टेबलाशी बसते, इज्लाल माझं नाव. उस्ताद जिना चढताना मध्ये थांबून श्वास घेतात, तेवढा वेळ आमच्या गप्पा होतात.

कंपनीचे मालक रामीसाहेब वयानं लहान, पण घाई दांडगी. "ती माणसासारखी बोलली पाहिजे, पण थोडक्यात," असं त्यांचं म्हणणं. दोघांची जुंपली ती एका वाक्यावरून. फ्रीज बंद पडला की बायका लिहितात, केलेलं सगळं अन्न वाया जाणार. त्यावर उस्तादांनी बहिगाला बोलायला लावलं, "वाया कशाला घालवता? इकडे घेऊन या, मिळून जेवू." गिऱ्हाईक हसतं, नको नको म्हणतं, आणि मेकॅनिक उशिरा आला तरी फारसं चिडत नाही. इथवर रामीसाहेबही खूश होते. पण उस्ताद म्हणाले, एकदाच बोलावतं ते मशीन, दुसऱ्यांदा बोलावतो तो माणूस. भांडून भांडून त्यांनी दुसरं वाक्य घालून घेतलं, "अहो, खरंच म्हणतेय. तुमच्याशिवाय घास उतरायचा नाही." या वाक्याचा त्यांना फार अभिमान. त्या नोकरीत त्यांना अभिमान वाटावा असं दुसरं काही नव्हतंच.

एका दुपारी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी फडक्यात बांधलेलं पातेलं घेऊन दारात उभी राहिली. हाज्जा फिक्रिया तिचं नाव.

"बहिगाला बोलाव गं पोरी. म्हणावं, द्राक्षाच्या पानांत भात भरून महशी आणलीय, गरम आहे तोवर ये."

मला आधी हसू आलं, मग कळलं की ती खरंच जेवायला बोलवायला आलीय. मी वर फोन लावला. रामीसाहेब म्हणाले, "सांग, रजेवर आहे." माझी जीभ काही रेटेना. तेवढ्यात उस्ताद स्वतःच खाली आले.

"बहिगा कुठाय?" हाज्जानं विचारलं.

"मीच, हाज्जा."

हाज्जानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अगं बाई! मिशा ठेवल्यास होय गं?"

उस्ताद हसले नाहीत. "ते मशीन आहे. बोलणं मी लिहितो."

"म्हणजे परवा माझ्याशी तुम्ही बोललात."

इथं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मी मागून डोळ्यांनी खुणावत होते, म्हणा हो, म्हणून टाका. पण उस्ताद म्हणाले, "नाही. ते मी गेल्या वर्षी लिहून ठेवलंय. ज्याचा फ्रीज बंद पडतो त्या प्रत्येकाला ती तेच म्हणते."

हाज्जा पातेलं मांडीवर घेऊन बाकावर बसली. "पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी नाहीच म्हटलं. मला काय कळत नाही? नावाड्याचं आमंत्रण ते. भर नाईलमधून तो ओरडतो 'या जेवायला', काठावरचा काय पोहत जाणारे? पण तिनं दुसऱ्यांदा म्हटलं हो. दुसऱ्यांदा कोण म्हणतं उगाच? पोरं परदेशी गेल्यापासून मला कुणी पहिल्यांदासुद्धा म्हटलेलं नाही."

हाज्जानं पातेलं उस्तादांच्या हातात दिलं.

"खा आता," ती उठत म्हणाली. "बोलावलं होतं ना, मग कुणीतरी खायला हवं. पातेलं तेवढं आणून द्या."

तिनं पत्ता सांगितला आणि निघून गेली. मी खाल्लं, खोटं कशाला सांगू, लिंबू जरा जास्त होतं पण हाताला चव होती. उस्तादांनी एक पान उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

पातेलं काही आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत. उस्तादांची बायको कधीच वारली. त्यांना उकडलेल्या वालांपलीकडे काही येत नाही. माझ्याकडून विचारून विचारून त्यांनी तांदळाची खीर केली. पहिली करपली, दुसरी जमली.

"कुणा पोराच्या हाती पाठवून द्या की," मी म्हटलं.

"नाही गं. ते वाक्य मला खरं करायचंय. तिच्यासमोर बसून चार घास खायचेत."

शुक्रवारी ते गेले. रविवारी ते नेहमीसारखे जिन्यात थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"दार उघडलं. आत ताट मांडलेलं दिसत होतं. 'या, जेवायला या,' म्हणाली. आणि मी आपला सवयीनं, पहिल्यांदा नाहीच म्हणायचं म्हणून, 'नको नको, आत्ताच जेवून निघालो.' सकाळपासून पोटात कण नव्हता गं."

"मग?"

"मग 'बरं' म्हणाली. पातेलं घेतलं, दार लावलं."

मला हाज्जाचा भयंकर राग आला. "एवढा सूड? दुसऱ्यांदा म्हणायला काय जीव जात होता?"

"सूड नव्हता. तिनं माझं खरं मानलं. दुसऱ्यांदा म्हणणं आता तिच्यापुरतं संपलं, आणि ते माझ्या त्या वाक्यानं संपवलं." ते कठड्याला टेकले. "पुन्हा दार वाजवून काय सांगणार होतो, भूक लागलीय?"

त्याच दिवशी त्यांनी दुसरं वाक्य काढून टाकायला सांगितलं. रामीसाहेब म्हणाले, वेड लागलंय का, लोकांना तेच तर आवडतं. बहिगा अजूनही सगळ्यांना दोनदा बोलावते.

उस्ताद आता दुपारी वर थांबत नाहीत. डबा घेऊन खाली माझ्या शेजारी बसतात, दाराकडे तोंड करून. कुणी पातेलं घेऊन आलंच, तर जेवायला कुणीतरी हजर हवं ना. डबा मात्र उघडत नाहीत.

"जेवा ना, उस्ताद," मी माझी भाकरी पुढे करून म्हणते.

ते म्हणतात, नको. मी पुन्हा म्हणते.