निंजांचा मुकादम

आज सकाळी नऊलाच ऊन असं पडलं होतं की गच्चीवरची चादर काढायला गेलो तर ती पत्र्यासारखी कडक लागली. वारा होता, पण तो नसता तर बरं असा. गल्लीतली कुत्री उभ्या रिक्षांखाली पडलेली. एक रिक्षा निघाली की उठून दुसरीच्या खाली. माझंही तसंच चाललं होतं. खाली बसवेना म्हणून वर, वर बसवेना म्हणून खाली.

वर म्हणजे माझी नात वैशू हिच्या खोलीत. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरावर एक खोली आहे, तिथे ती आणि तिचा कामातला जोडीदार तुषार कॉम्प्युटरवर गेम बनवतात. किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. दोन माणसं अवघड कामाला लागली आणि तिसरा म्हातारा तिथे रिकामा बसून राहिला, की ते आपोआप साठतात. तिसरा म्हातारा म्हणजे मी. मी शाळेत गेलो नाही; मोबाईलपुढे बोलतो, तो लिहितो, आणि वैशू चुका काढते. स्वतःबद्दलच्या जागा ती काढून टाकेल असं वाटलं होतं, पण तिने ठेवल्यात.

काम असं होतं. पुण्याच्या एका कंपनीला जपानच्या इतिहासावर गेम काढायचा होता. त्यातला एक तुकडा नमुना म्हणून बनवून द्यायचा. पास झाला तर पुढचं सगळं काम वैशूचं. माझा मुलगा सुभाष, म्हणजे तिचा बाप, दीपनगरला नोकरीला आहे. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "आखाजीपर्यंत मुदत. काम लागलं तर लागलं. नाहीतर खोलीला कुलूप, आणि देवपूरला मामाकडे राहून बी.एड. करायचं."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. वैशू "हो पप्पा" म्हणाली. त्या दिवसापासून ती खुर्चीवर सरळ बसलेली मी पाहिली नाही. एक पाय सारखा हलतच असायचा.

* * *

त्या तुकड्यात एकच मोठा माणूस होता. जपानमधला, चारशे वर्षांहून जुना, निंजांचा सरदार. निंजा म्हणजे गुपचूप जाऊन हेरगिरी करणारे. ह्या सरदाराला दुसऱ्यांनी कसं दाखवलंय ते बघायला तुषारने पाच-सहा जुने गेम लावले.

पहिल्यात तो सात फुटी होता. दुसऱ्यात तोंडातून आग काढत होता. तिसऱ्यात धुरातून यायचा आणि धुरात जायचा. चौथ्यात राक्षसांशी लढत होता. पाचव्यात तर ती बाई होती!

मी विचारलं, "तुषारभाऊ, हे सगळे एकच का?"

"एकच, आबा. इतिहास आहे हा."

"मग इतिहासाने आधी नक्की ठरवून घ्यावं ना!"

* * *

एक गोष्ट मात्र सगळ्यांत सारखी होती. काळे कपडे, आणि तोंड झाकलेलं.

मी तरुणपणी रावेरकडे केळीच्या बागा राखल्यात, वीस-बावीस वर्षं. घड चोरणारे पुष्कळ पाहिले, पण काळे कपडे घातलेला एकही नाही. काळं उठून दिसतं. चोर मातकट कपड्यांत यायचे. आणि तोंड कशाला झाकतील? तोंड झाकलेला माणूस दिसला की अख्खं गाव त्याच्याकडे बघतं.

तुषारला पटलं नाही. म्हणून रविवारी दोघं मला स्कूटरवर मध्ये बसवून माझ्या भाच्याच्या बागेत घेऊन गेले. केळीच्या बागेत भर दुपारीही अंधुक असतं. तुषार काळा टी-शर्ट घालून, काळा रुमाल बांधून आत शिरला. वाकून, एकेक पाऊल टाकत. खाली वाळक्या पानांचा थर. प्रत्येक पावलाला चर्र, चर्र.

सहावं पाऊल पडलं असेल. बागेच्या पार दुसऱ्या टोकाला पाणी बघणारा गडी होता. तो तिथूनच ओरडला,

"ओ काळे शर्टवाले भाऊ, संडासला जायचं असेल तर तिकडं नाल्यात जा!"

* * *

मग मी चालून दाखवलं. अनवाणी. ठिबकच्या नळीच्या कडेने माती ओली असते, तिथून पाय टाकायचा, पावलाची बाहेरची कड आधी. आवाज शून्य. वैशूने ते मोबाईलवर घेतलं. म्हणाली, "आबा, व्हिडिओवरून कॉम्प्युटर चालणं उचलतो. आपला सरदार तुमच्यासारखा चालेल."

चार दिवसांनी मला वर बोलावलं. पडद्यावर जपानचे डोंगर, धुकं, देवदारासारखी झाडं. आणि त्यातून मातकट कपड्यांतला एक माणूस येत होता. आवाज नाही. मला अंगावर काटा आला. मग तो थांबला. उजवा हात कमरेवर ठेवला, डाव्या गुडघ्यावरून डावा हात फिरवला, वर बघितलं आणि पुन्हा निघाला. दहा पावलं झाली की पुन्हा तेच.

"हा असा का थांबतो?"

"तुम्ही थांबला होता, आबा."

"अरे, मी दम खायला थांबलो होतो!"

तुषारने डोकं धरलं. "एवढा दमलेला निंजा जगात कोणाच्याच गेममध्ये नसेल!"

वैशूचा पाय हलायचा थांबला. ती म्हणाली, "ठेवू या. त्यालाही गुडघे असतीलच की."

* * *

मला एक कोडं होतं. हा एवढा मोठा सरदार, मग ह्याने नेमकं केलं काय? तुषारने इंग्रजीतून वाचून सांगितलं. तो स्वतः निंजा नव्हताच म्हणे. शिपाईगडी होता, भाला चालवायचा. निंजा त्याच्या हाताखाली.

"म्हणजे मुकादम," मी म्हटलं.

"मुकादम?"

"केळी कापायला टोळी येते ना, तिचा मुकादम. तो कधी स्वतः घड उचलतो का? कोणती टोळी, कोणत्या बागेत, कोणत्या वाटेने न्यायची, हे त्याला कळतं. ते कळतं म्हणून तो मुकादम."

तुषारने पुढे वाचलं. ह्याचा धनी एकदा परमुलखात थोड्याच माणसांनिशी अडकला. मागे वैरी. तेव्हा ह्याने त्याला डोंगरातून, आडगावांतून घरी आणलं. त्या गावांतल्या माणसांशी ह्याच्या घराण्याची जुनी ओळख होती, म्हणून वाट मिळाली.

"आणि तलवारबाजी?"

"ह्यात फारशी नाही, आबा."

"अरे, मग हा तर पाहुण्याला स्टँडपर्यंत पोचवून येणारा माणूस!"

मी आपलं सहज बोललो. दुसऱ्या दिवशी वर गेलो तर वैशूने नमुन्यातली सगळी मारामारी काढून टाकली होती. आता एवढंच, की धन्याला घेऊन निघायचं, गावोगाव ओळख शोधायची आणि घरी पोचवायचं. तुषार कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. आखाजीला एकोणीस दिवस राहिले होते.

* * *

शेजारच्या सिंधूअक्का धुळ्याकडच्या, बोलणं सगळं अहिराणीत. त्यांची गच्ची आमच्या खोलीला लागून. सणापुरत्या लेकी माहेरी यायच्या म्हणून अक्का दिवसभर गच्चीवर सावलीला बसून पापड लाटायच्या आणि मोठ्याने बोलायच्या. ऐकायला कोणी असलं पाहिजे असं नाही.

त्या दिवशी पानांचा आवाज रेकॉर्ड करायचा होता. भाच्याने गोणीभर वाळकी पानं पाठवली होती. कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. आम्ही तिघं घामाने निथळतोय. वैशू भिंतीवरून म्हणाली, "अक्का, दहा मिनिटं शांत बसता का? निंजा यायचाय."

अक्का म्हणाल्या, "येऊ दे ना माय! ये म्हना त्याले आठे, पापड लाटू लागी."

त्या दहा मिनिटांतली आठ मिनिटं अक्का बोलत होत्या. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. मग पानांच्या आवाजाच्या मागे, लांब, अक्का राहून गेल्या.

* * *

पुण्याचे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. आवाज गोड, पण सारखं घड्याळ बघणारे. त्यांनी तिकडे नमुना खेळायला घेतला. इकडे वैशूच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झालेला.

साहेब म्हणाले, "सरदार दर दहा पावलांना थांबतो का?"

वैशू म्हणाली, "सर, चाहूल घेतो."

मी मागे खोकलो.

पुढे डोंगर लागला. साहेब म्हणाले, "मागे कोणीतरी बोलतंय. ही कोणती भाषा?"

तुषार पापणी न हलवता म्हणाला, "जुनी जपानी, सर."

"छान! बराच रिसर्च केलेला दिसतोय."

* * *

त्याच कॉलमधलं पुढचं. पहिलं गाव येतं. झोपडीतून एक म्हातारी पाण्याचं भांडं घेऊन बाहेर येते. हे माझं सांगणं होतं. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, कुठले, कोणाचे, हे मग विचारतात. पाणी न घेता पुढे जाणारा माणूस खरा नाही. वैशूने ते गेममध्ये तसंच घातलं होतं. पाणी घेतलं तर म्हातारी पुढच्या गावातल्या ओळखीचं नाव सांगते. नाही घेतलं तर ती आरडाओरडा करते आणि शिपाई येतात.

साहेब घाईतले. म्हातारीला बाजूला सारून निघाले. शिपाई आले, धनी पकडला गेला, खेळ संपला. परत सुरू. परत तेच. चौथ्यांदा म्हातारी भांडं घेऊन आली आणि साहेबांनी परत पुढे जायचं बटण दाबलं. मला राहवेना.

"अहो साहेब, आधी पाणी प्या!"

साहेब दचकले. "हे कोण बोललं?"

वैशूने मला हाताने मागे सारलं. मग म्हणाली, "सर, ते आमचे कन्सल्टंट."

* * *

"विचार करून कळवतो," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. वैशू जेवताना मोबाईल बघायची, जिना उतरताना बघायची. तुषार रोज सकाळी येऊन दारातूनच विचारायचा, "आलं?" ती मान हलवायची. सुभाष दीपनगरहून फोन करायचा, तो तिला नाही, मला. "काय म्हणते कंपनी?" मी म्हणायचो, "जेवलास का?"

सणाच्या तीन दिवस आधी मेल आली. कल्पना नवी आहे. पण सरदार काळ्या कपड्यांत पाहिजे, तोंड झाकलेला पाहिजे, आणि मारामारी पाहिजे. एवढं बदलून द्या, काम तुमचं.

तुषार नाचलाच. "एका दिवसाचं काम आहे!"

वैशू बसली. दुपारपर्यंत सरदार काळा झाला. तोंडावर फडकं आलं. गुडघा बरा झाला. संध्याकाळपर्यंत त्याने अकरा माणसं मारली, त्यात ती पाणी देणारी म्हातारीही मध्ये आली. वैशूने माऊसवरचा हात काढला. मला विचारलं, "आबा, कसा वाटतो?"

मी म्हटलं, "बेटा, मला यातलं काय कळतं? चपळ आहे. पण ह्याच्याबरोबर मी डोंगरात गेलो नसतो."

दुसऱ्या दिवशी वर गेलो तर सरदार पुन्हा मातकट. तिने साहेबांना कळवलं होतं, आम्ही त्याला असाच देऊ शकतो, बघा. तुषारने पायात चप्पल घातली, जिन्यापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसला. उत्तर आलं नाही.

* * *

आखाजीच्या दिवशी सुभाष सकाळच्या गाडीने आला. गल्लीत लिंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली. त्याच्या पिशवीत सांजोऱ्यांसाठी रवा होता आणि नवं कुलूप होतं. त्याने दोन्ही टेबलावर ठेवलं. रवा आत गेला, कुलूप तिथेच राहिलं. जेवणं झाली.

जेवण झाल्यावर त्याने कुलूप उचललं आणि तो जिना चढला. मीही मागून निघालो, पण मला वेळ लागतो. मी अर्ध्यात असताना वरून आवाज आला.

"हेच का ते? ज्याच्यासाठी तू हातचं काम घालवलंस?"

"हो पप्पा."

"दाखव. दोन मिनिटं. मग कुलूप लावतो."

मी तिथूनच परत फिरलो. बाप-लेकीच्या मध्ये म्हाताऱ्याने कशाला जायचं? ओट्यावर येऊन बसलो. दोन मिनिटं झाली. दहा झाली. ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं. वर ओरडणं नाही, रडणं नाही, काहीच नाही. वर बसलेला तुषार मध्येच धावत खाली आला, तांब्याभर पाणी घेऊन परत वर गेला. मी "काय झालं?" म्हणेपर्यंत दिसेनासा झाला. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. चप्पल घातली, काढली.

चारच्या सुमाराला सिंधूअक्का त्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीत आल्या आणि आमच्याच जिन्याने खाली उतरल्या. पदराने तोंड पुसत माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"आबा," त्या म्हणाल्या, "तुमना सुभाष तठे गेम खेळी खेळी घामेघाम व्हई ऱ्हायना. तो सरदार नदीजोडे अडकना म्हने. माले सांगस, 'अक्का, खाले जा न आबाले ईचार, नदीना पल्याडना गावमा आपली वळख कोनशी शे?'"