धुण्याच्या दगडामागचं झाड

अमेरिकेहून आलेल्या काकूनं टिश्यूपेपरात गुंडाळून टोमॅटोचं बी दिलं होतं. आईनं ते मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडामागं टाकलं. टोमॅटो आलाच नाही. आलं ते दुसरंच काहीतरी, आणि गणपतीपर्यंत ते माझ्यापेक्षा उंच झालं.

रोज सकाळी दात घासत मी त्याच्यासमोर उभी राहायचे. खोड मनगटाएवढं जाड, जांभळट गुलाबी आणि इतकं गुळगुळीत की आत्ताच कुणीतरी रंगवून गेलंय असं वाटावं. फळांचे घोस लोंबायचे. हिरवे मणी देठाकडून टोकाकडं काळे होत जायचे. बुलबुल ते खाऊन भिंतीवर जांभळे डाग पाडायचे. वर्गात ‘प्रेझेंट’ म्हणतानाही मला घाम फुटायचा, आणि हे बिनबोलावलेलं झाड भिंतीपलीकडं डोकावत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर त्याचं नाव सापडलं: पोकवीड. पानं, फळं, मूळ, माणसासाठी सगळंच विषारी. पक्ष्यांना मात्र काही होत नाही. मी वाचतच होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या मावशींचा आवाज आला.

“तुमचा माठ लई माजलाय की! मघाशी चार पानं खुडली गं. पोरांना भाजी करते.”

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. मावशी आत गेल्या. लसणाच्या फोडणीचा वास आला.

“मावशी, टाकू नका! विष हाय त्ये!” मी ओरडले.

आमच्या घरात कुणी ‘हाय’ म्हणत नाही. मावशी उलथनं घेऊन बाहेर आल्या. पानं अजून रोवळीत निथळत होती.

“विष? आणि एवढी वरडतीस व्हय तू? मला वाटलं मुकीच हायस.”

पलीकडं लहान मुलं, म्हणून झाड काढायचं ठरलं. बाबांनी हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून कुदळ घेतली. भिंतीवर हनुवटी टेकून मावशी सूचना देत होत्या. खणत गेलो तसं मूळ जाड होत गेलं. फिकट, ओलं, बाबांच्या दंडाएवढं, आणि संपायचं नाव नाही. मावशींनी भिंतीवरची हनुवटी उचलली.

“आई अंबाबाई,” मावशी हळूच म्हणाल्या, “एका पावसात एवढं?”

शेवटी टोक तुटून आतच राहिलं. बाबा म्हणाले, हे परत येणार.

“आलं तर सांग गं,” मावशी मला म्हणाल्या. “तसंच वरडून.”

“सांगते,” मी म्हणाले. पण ते त्यांना ऐकू गेलं नाही.