लोरीना टॉलिव्हर आणि शेवटचा बाक

९ मार्च १९६६. गाडीत तीन जीव होते. दोन गेले, एक उरला.

अपघातात लुशस आणि वर्नीस टॉलिव्हर जागच्या जागी गेले. थोरली ओझेला हात मोडून वाचली. मोंटगमरीतला गाण्याचा कार्यक्रम आटोपून तिघे भावंडे रातोरात निघाली होती. काळ्या माणसाला रात्रीपुरती खोली देणारे एकही दार त्या रस्त्यावर नव्हते, म्हणून लुशस न झोपता गाडी चालवत होता. बातमी अलाबामातल्या आमच्या गावात पोहोचली तेव्हा त्यांची आई लोरीना परक्यांचे कपडे इस्त्री करत होती. तिने हातातला शर्ट पुरा केला, त्याची घडी घातली, आणि मग जमिनीवर बसली.

लोरीनाचे आयुष्य त्या इस्त्रीच्या फळीपाशीच गेले. नवरा लवकर वारला. मुलांना तिने फळीभोवती उभे करून गायला शिकवले. वरचा सूर वर्नीसचा, मधला लुशसचा, खालचा ओझेलाचा. कुणी चुकले की ती बोलत नसे, इस्त्री आपटत असे. माउंट नीबो चर्चमध्ये ही तिघे उभी राहिली की उकाड्यातही बायकांच्या हातांतले पंखे थांबत.

१९६० साली त्यांची पहिली तबकडी निघाली. चाल उपासनेची, शब्द प्रेमाचे. ‘प्रभू’च्या जागी ‘लाडके’. पुढच्याच रविवारी चर्चला जमलेल्या भर मंडळीत लोरीना उभी राहिली. “माझ्या पोरांनी देवाच्या आसनावर बाई बसवलीय. त्यांना गप्प करा.”

आरोप जन्मदात्या आईचा होता. साक्षीदार कोण मागणार? आमच्या मंडळीत अशा गायकाला शेवटच्या बाकावर बसवतात. सगळे गातात, त्याने तोंड मिटून ऐकायचे, आणि पुढे येऊन माफी मागेपर्यंत तिथेच राहायचे. तिघे एक रविवार तशी बसली. त्यानंतर ती आलीच नाहीत. गावोगावच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत त्यांना गाऊ देत होते. तिथे ती गेली.

अपघातानंतरच्या शुक्रवारी मंडळीची सभा भरली. प्रश्न एकच होता: शिक्षेत असलेल्या या दोघांना चर्चमधून, मंडळीच्या गाण्यानिशी, निरोप द्यायचा की नाही? ओझेलाला तेवढेच हवे होते.

“नियम साफ आहे,” चर्चचे कारभारी डीकन इझिकेल बूथ म्हणाले. “माफी ज्याची त्यानं मागायची. मेलेला कशी मागणार?”

ओझेला प्लास्टरमधला हात सावरत पुढे आली. “तिघांची मी मागते, काका. माझी जीभ शाबूत आहे.”

“ते रेडिओवरून साऱ्या काउंटीला कळलंय, पोरी.”

मागे कुणीतरी हसले आणि लगेच खोकल्याचा आव आणला.

“मग म्हण,” डीकन म्हणाले, “की आम्ही पाप केलं.”

तिने तोंड उघडले, इतक्यात वडीलधाऱ्या बायकांच्या बाकावरून आवाज आला. “झेला, खाली बस.”

लोरीना उठली होती. ही बाई आपल्या मेलेल्या मुलांनाही सोडणार नाही, असे वाटून आम्ही सारे गारठलो. माझ्या शेजारच्या बाईने तर डोळेच मिटून घेतले.

“पाप-बिप काही नव्हतं,” लोरीना म्हणाली. “गाणं झकास होतं. इस्त्री करताना मी स्वतः गुणगुणायचे.”

“सिस्टर टॉलिव्हर,” चर्चचे पाळक हळूच म्हणाले, “दुःखात माणूस काहीही बोलतो.”

“दुःखात नव्हते तेव्हा खोटं बोलले, पाळकबुवा. आता खरं बोलतेय तर ऐका. माझा भाऊ असाच गात गात मेम्फिसला गेला आणि शवपेटीतून परत आला. मला पोरं घरात हवी होती. वाटलं, यांना तोंड मिटून बसवा; दोन रविवारही काढायचे नाहीत, रडत माफी मागतील, इथंच राहतील. देवाचं नाव मी माझ्या भीतीला लावलं. आणि तुम्ही सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलंत. इझिकेल, तू तर दोनदा म्हणालास.”

ओझेला आईकडे पाहत राहिली. “म्हणजे आम्हाला रस्त्यावर...”

“मीच ढकललं,” लोरीना म्हणाली.

ज्या निवाड्याला सहा वर्षे आम्ही ईश्वराचा मानत होतो, तो एका घाबरलेल्या आईचा होता, आणि त्याची शहानिशा करण्याची गरज आमच्यापैकी एकालाही वाटली नव्हती. तिची चूक भीतीची होती. आमची चूक सोयीची होती, कारण दुसऱ्यावरच्या आरोपाला ‘आमेन’ म्हणताना आपल्याला फुकटात पुण्यवान वाटते.

पाळकांनी घाईने निर्णय दिला: आईच्या दुःखाकडे पाहून, दया म्हणून, शिक्षा माफ. कुणी हरकत घेतली नाही. दया करणारा उंचावरच उभा राहतो. चूक कबूल करायची तर खाली उतरावे लागते. शनिवारी दोघांना चर्चमधून निरोप दिला. मंडळी मोठ्याने गायली. ओझेला गायली नाही.

त्यानंतर मरेपर्यंत लोरीना शेवटच्या बाकावर बसली, तोंड मिटून. तिला तिथे कुणी बसवले नव्हते, आणि तिथून कुणी उठवलेही नाही. ओझेला शिकागोला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. दर नाताळात ती येई, त्या बाकावर आईशेजारी बसे, तिचा हात हातात धरी.

लोरीनाने मुलीची माफी मागितली होती, आणि ती तिला मिळाली होती. मंडळीने या तिघा भावंडांची माफी आजवर मागितलेली नाही. ते देणे बाकी आहे.