शनिवारच्या दाढ्या

माझे सासरे न्हावी. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पुरुषांची पहिली दाढी त्यांनी केली आणि त्यांतल्या काहींची शेवटचीही. "डोकं कुणाचंही असो, माझ्यापुढे वाकतंच," असं ते ऐटीत सांगायचे, आणि रविवारी चर्चमध्ये स्वतःची मान मात्र सगळ्यांच्या आधी खाली घालायचे.

दुकान आता माझा नवरा चालवतो. बाबांनी स्वतःकडे ठेवला होता फक्त शनिवार. शनिवारी दुपारी ते पत्र्याची पेटी उचलून इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डात जायचे आणि एकेका रोग्याची फुकट दाढी करायचे. कारण रविवारी सकाळी तिथे पाळकसाहेब प्रार्थनेला येत. "देवापुढे माणूस कसा चकचकीत पाहिजे," बाबा म्हणत. देवाला खुंट टोचतात की काय, असं मी एकदा विचारलं होतं. "त्याला नाही टोचत गं, त्या माणसाला टोचतात," ते म्हणाले.

हे सुरू झालं सासूबाईंच्या मागे. त्याच इस्पितळात, शेजारच्या वॉर्डात त्या गेल्या, पुष्कळ सोसून. बाबा जीव तोडून प्रार्थना करत होते, तरी गेल्या. त्यानंतर बाबा चर्चमध्ये यायचे, पण गाण्याला तोंड उघडायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "रागावलोय मी त्याच्यावर. पण घर सोडून जाण्याइतका नाही." मग एका शनिवारी पेटी घेऊन निघाले ते निघालेच. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. पण त्या वॉर्डानेच त्यांना पुन्हा माणसांत आणलं.

आणि मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, फार नाही. बाबांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेला एक शेपूट जोडलं. अन्नासाठी आभार, घरच्यांसाठी आशीर्वाद आणि शेवटी, "प्रभू, माझा हात थांबव." त्यावर आम्ही सगळे "आमेन" म्हणायचो आणि मगच जेवायला लागायचो. हात काही थांबायचा नाही.

व्हायचं तेच झालं. वॉर्डातल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या हनुवटीला वस्तरा लागला. जखम छोटी, तुरटीवर भागण्यासारखी. पण वॉर्डच्या सिस्टरनी पेटीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं. "बाबा, आता वस्तरा नको," त्या म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

पुढच्या शनिवारी बाबा पेटी कपाटावर टाकून खिडकीशी बसले. त्याच्या पुढच्याही. चहा निवला तरी लक्ष नाही. "प्रभूलाच माझा हात नको असेल," एवढंच एकदा म्हणाले. माणूस डोळ्यांदेखत विझत होता आणि ते बघणं माझ्याच्याने होईना. गप्प बसणं तसंही माझ्या स्वभावात नाही. स्टुलावर चढून मी पेटी खाली काढली आणि त्यांच्या मांडीवर आदळली. "मला शिकवा," म्हटलं. नवऱ्याला शनिवारी दुकानात मान वर करायला फुरसत नसते, मग उरलं कोण?

न्हाव्याचा हात बसतो तो फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो फेस वस्तऱ्याने उतरवायचा. माझे इतके फुगे फुटले की शेजारीण विचारायला आली, वाढदिवस कुणाचा आहे? बाबा दर वेळी दचकायचे आणि म्हणायचे, "हा मेला. पुढचा आण." कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. फुगे फुटायचे थांबले तेव्हा नवऱ्याने निमूटपणे गाल पुढे केला. लग्नानंतर त्याने दाखवलेलं हे सगळ्यांत मोठं धाडस. तोच गाल सिस्टरनी निरखून पाहिला आणि परवानगी दिली: वस्तरा मी धरायचा, फेस बाबांनी लावायचा.

शनिवारी वॉर्डात गेलो. वस्तरा घेतलेली बाई पाहून सगळ्यांना एकदम झोप लागली. शेवटी तोच ड्रायव्हर, जो एरवी भिंतीकडे तोंड करून पडलेला असे, उठून बसला. "आधी माझी करा. माझं एकदा कापून झालंय, आता भीती कसली?"

बाबांनी डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि उजव्या हाताने ब्रश गालावर टेकवला. हात थरथरायला लागला आणि फेस असा चढला की विचारू नका. नवरा मनगट दुखेपर्यंत ब्रश घोळवतो, तेव्हाही एवढा चढत नाही. गाल, कान, नाकाचा शेंडा, सगळं पांढरं. झोपलेले सगळे जागे होऊन हसायला लागले.

"बाबा, पुरे आता," मी म्हटलं.

"राहू द्या ना, ताई," ड्रायव्हर डोळे मिटूनच म्हणाला. "आजारी पडल्यापासून माझ्या तोंडावरून कुणी हात फिरवला नाही. डॉक्टर तपासतात, ते वेगळं."

बाबा थांबले. म्हणजे ते थांबले, हात चालूच होता. मग त्यांनी ब्रश पुन्हा गरम पाण्यात बुडवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला भरून आलं. पण वस्तरा हातात असताना डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तशीच उभी राहिले.

"प्रभूने शिष्यांचे पाय धुतले," घरी येताना बाबा म्हणाले, "तेव्हा त्याच्या हातात काय होतं? पाणी आणि रुमाल. वस्तरा नव्हता."

"नशीब शिष्यांचं," मी म्हटलं. ते भर रस्त्यात उभे राहून हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ताटांपुढे डोळे मिटून बसलो. अन्नासाठी आभार मानून झाले. घरच्यांसाठी आशीर्वाद मागून झाला, त्या ड्रायव्हरसाठीही मागून झाला. आणि बाबा गप्प झाले. आम्ही आपले सवयीने शेपटाची वाट बघत बसलो. त्यांच्या हातातला चमचा तेवढा ताटाला लागून वाजत होता. शेवटी मी एक डोळा उघडला. बाबा आमच्याकडेच बघत होते.

"आमेन म्हणा की," ते म्हणाले. "जेवण निवतंय."