सबिहाचं लांब बसणं

मुरुम गावच्या सबिहाची मुलगी आफरीन नऊ वर्षांची. कुणी अंगाला हात लावला की ती आक्रसून जायची. सायकल शिकवताना सबिहानं मागून सीट धरली, तर पोरगी सायकल तिथंच टाकून घरात निघून गेली.

मग सबिहानं सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन तिची पायडलं काढून घेतली. शाळेच्या मैदानात आफरीन पायांनी जमीन रेटत पुढं जायची आणि सबिहा लांब बसून बघायची. धावत जाऊन सावरायचं नाही, हेच तिला लई जड गेलं. हळूहळू आफरीन पाय उचलून तोल धरायला लागली, तेव्हा पायडलं परत बसवली.

पहिल्याच वळणावर ती पडली. सबिहा उठलीच. आफरीननं गुडघा झटकला, सायकल उभी केली नि म्हणाली, "अम्मी, तू तिथंच बस."

सबिहा खाली बसली. आफरीन मैदानाला वळसा घालून आली आणि न थांबता पुढं गेली.