मांजरीचं दुसरं घर

मी मांजर पाळलेलं नाही, असं मी मॅनेजरसाहेबांना वर्षभर सांगत होतो आणि सुरुवातीला ते खरंही होतं. ती राखाडी मांजरी आपली आपणच गोदामात आली, माझ्या डब्यातली भाकरी हुंगली आणि तोंड फिरवून बसली. मी तेव्हा नुकताच धुळ्याहून सिल्वासाला आलो होतो, तिथल्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क म्हणून. नव्वद साल उलटलं होतं, माझं वय तेवीस, खोलीवरचे तिघंही वेगवेगळ्या पाळ्यांत, त्यामुळे जेवायला सोबत कुणी नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी सुके बोंबील आणले. याला काही पाळणं म्हणत नाहीत. तिसऱ्या दिवशीही आणले.

केस धाग्यात जातात म्हणून साहेबांना गोदामात मांजर नको होतं. मांजरीला नेमका वजनकाटा आवडला. दोनदा खोक्याबरोबर तिचंही वजन चलनावर चढलं आणि माल कमी आल्याची तक्रार भिवंडीहून आली. काटा बिघडला असावा, असं मी गंभीर चेहऱ्यानं साहेबांना सांगितलं.

मग ती व्यायली. वेस्टेजच्या, म्हणजे तुटून गुंतलेल्या धाग्याच्या, एका उघड्या खोक्यात. तीन पिल्लं. पॅकिंगला सुरंगीहून एक मावशी यायची, ती सगळ्यांना 'तू' म्हणायची, साहेबांनाही. तिनं खोक्यात डोकावून पाहिलं.

"सात घरं दाखवल ती पोरांना. इथं नाय ठेवायची."

"एवढी मऊ गादी सोडून कुठे जाईल, मावशी?"

"तुला काय ठाव. तू व्यालास कधी?"

मी खोक्यावर खडूनं ठळक लिहिलं, 'हात लावू नये'. मग साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून तीच बाजू भिंतीकडे फिरवली. नुसतं लिहून थांबलो असतो तर निदान अर्धी फजिती टळली असती.

आठवड्यानं भिवंडीचा ट्रक आला. त्या दिवशी वेस्टेजही जायचं होतं. ड्रायव्हर घाईत, हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. पंधराच्या पंधरा खोकी मी स्वतः बंद केली. झाकण, टेप, पट्टी, पुढचं. वेस्टेजमध्ये बघायचंय काय? गेटपास फाडला, पुस्तक टेबलाच्या वरच्या खणात टाकलं, खालचा खण कधीच नीट लागायचा नाही म्हणून त्याला रोजच्यासारखी लाथ मारली, कुलूप लावलं, चावी खिशात. ट्रक गेला. चहाचा पहिला घोट घेत मी सहज कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता.

मांजरी माझ्या टेबलाभोवती फिरत होती आणि असं ओरडत होती की माझ्या हातातला चहा हिंदकळला.

अशा वेळी माझं डोकं फार वेगानं चालतं, फक्त कुठे ते विचारू नये. वापीच्या रस्त्याला नाक्यावर ट्रकांची रांग लागते, म्हणजे आपला ट्रक तिथे सापडेल. पण खोकी सगळी सारखी, पट्टी बांधलेली, खडू चढवताना पुसला असणार, आत वारा नाही. पिल्लं कुठल्या खोक्यात हे पटकन ओळखणार कोण? त्यांची आई. मी मांजरीला बाजाराच्या पिशवीत कोंबलं, इलेक्ट्रिशियनची मोपेड हिसकावली आणि सुटलो. पिशवी हँडलला. पिशवीतून एक पंजा दर खड्ड्याला बाहेर येई आणि माझ्या गुडघ्याचा हिशेब घेऊन आत जाई.

ट्रक रांगेत होता. नशिबानं वेस्टेज शेवटी चढवलं होतं, म्हणजे सगळ्यांत मागे.

"क्या भाऊ, कागद छूट गया?" ड्रायव्हरनं विचारलं.

"बच्चे छूट गये," मी म्हणालो आणि फाळका उघडून वर चढलो.

पिशवी सोडली. मांजरीनं एक खोकं हुंगलं, दुसरं हुंगलं आणि खाली बसून पंजा चाटू लागली. मग मी पट्ट्या कापायला सुरुवात केली. पहिलं खोकं, दुसरं, पाचवं. हात कोपरापर्यंत आत घालून धागा बाहेर ओढत होतो. बातमी रांगेत पसरली तसे आणखी चार ड्रायव्हर वर चढले. धागा वाऱ्यावर निघाला, कुणाच्या मिशीत अडकला, नाक्याच्या बाभळीवर जाऊन बसला. प्रत्येक खोक्याला सगळे एकदम वाकायचे. चहावाल्यानं बशीत दूध आणलं, पिल्लं निघाली की लागेल म्हणून. ते मांजरीनं पिऊन टाकलं.

पंधरावं खोकं रिकामं झालं. त्याच्या बाजूवर खडूचं पुसट 'हात लावू नये' होतं, आत चार राखाडी केस होते, पिल्लू नव्हतं. मी ते उलटं करून पुन्हा झटकलं.

ड्रायव्हर मांजरीकडे बघत होता. "भाऊ, माँ तो नाश्ता कर रही है. तू क्यों रो रहा है?"

मी रडत नव्हतो, डोळ्यांत धागा गेला होता. मांजरीनं ट्रकमधून उडी मारली आणि आम्ही आलो त्याच रस्त्यानं परत चालू लागली. तिला दिशा कळली असा माझा दावा नाही. पण मला कळली. सात घरं. माझा हात खिशातल्या चावीवर गेला आणि त्या लाथेचा आवाज मला पुन्हा ऐकू आला.

मांजरीला पुन्हा पिशवीत घालून आणि धागा खोक्यांत कोंबायचं काम त्या देवमाणसांवर सोडून मी मोपेड अशी हाणली की चढावर ती माझ्या शिव्यांवरच चालली असावी. या खेपेला पिशवीतून पंजा आला नाही.

मावशी माझ्या टेबलाशी जमिनीवर बसली होती, खालच्या खणाला कान लावून.

"चावी घेऊन गावभर फिरतोस," ती म्हणाली. "उघड."

चावी दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा मावशीनं ती काढून घेतली आणि स्वतःच कुलूप उघडलं. खणात जुन्या कार्बन पेपरांवर तिघंही एकमेकांवर पडलेली, निळ्या नाकांची, निळ्या पायांची. हलेनात. मांजरी माझ्या खांद्यावरून थेट खणात उतरली, एकाला चाटलं आणि ते रागानं किरकिरलं. मग दुसरं, मग तिसरं. तिची जीभही निळी झाली.

तेवढ्यात मागे बूट वाजले. साहेब. माझ्या डोक्यात अर्धा किलो धागा, गुडघ्यावर रक्त.

"खणात काय आहे?"

मी डोक्यातला धागा ओढून काढू लागलो.

"याची पोरं हायत," मावशी म्हणाली. "सांभाळतो तो."

साहेब वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. एका निळ्या पिल्लानं त्यांच्या टायकडे तोंड वळवून जांभई दिली.

"त्या खणाला कुलूप लावायचं नाही," ते म्हणाले आणि गेले.

चावी मी परत मागितली. मावशीनं ती पदराच्या टोकाला बांधली होती.

"अजून पाच घरं हायत," ती म्हणाली. "सरल्यावर ये."