पहिल्या तारखेला कोणी जात नसतंय

शांतामावशी काल गेली. अग्नी मी दिला.

तिचा पोटचा पोरगा जिवंत आहे. अमेरिकेत कोंडून ठेवलाय त्याला. आणि तिथं त्याला मीच पोचवलं.

हे लपवून मला चार चांगले शब्द लिहिता येत नाहीत, म्हणून सगळं सांगतो.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. औंढ्याजवळचा आमचा तांडा. काका लवकर गेले, तिनं एकटीनं सुनीलला शिकवलं आणि अमेरिकेला पाठवलं. तिथं तो शिकला, नोकरीला लागला, मग नोकरी गेली. व्हिसा त्या नोकरीवरच होता.

मागच्या वर्षी त्याला तिथल्या इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली.

त्यानं फोटो पाठवला. मावशीनं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली, सातबाऱ्याच्या पिशवीत घातली आणि थेट कोर्टात माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी औंढ्यात वकिली करतो. बांधाचे वाद, वाटण्या, वारसाच्या नोंदी.

"वाच बाबा. तुला कळतंय कोर्टाचं."

सुनील फोनवर होता. फुकट मदत करणाऱ्या एका वकीलबाईंची अपॉइंटमेंट त्याला मिळाली होती, पण सुनावणीच्या चार दिवसांनंतरची.

"दादा, मग एकटाच जाऊ का?"

मी काय म्हणालो ते ऐका.

"येडा हायस का? वकिलाबिगर काहून उभा राहतोस? काहीतरी बोलून बसशील. पहिल्या तारखेला कोणी जात नसतंय. पुढची पडतीच."

आमच्याकडं पडते. पुकारा होतो, कोणीतरी मुदतीचा अर्ज देतो, सगळे चहाला जातात. पंधरा वर्षं मी हेच करत आलोय.

"पण दादा, न्हाई आलं तर हुकूम होईल म्हणून लिहून हाय."

"असं सगळ्याच नोटिशीत लिहून असतंय."

मावशीनं फोन माझ्या हातातून घेतला. "दादा म्हणून राहिला तसं कर. घरचा वकील हाय आपला."

तो गेला नाही. त्याच दिवशी, त्याच्या गैरहजेरीत, देश सोडायचा हुकूम झाला.

वकीलबाईंनी त्याला विचारलं, जाऊ नको म्हणून कोणी सांगितलं? त्यानं माझं नाव घेतलं नाही. "माझाच गैरसमज झाला," म्हणाला.

बाईंनी केस पुन्हा उघडायचा अर्ज टाकला. निकाल लागायच्या आत त्याला इमिग्रेशनवाल्यांनी धरून नेलं. अर्ज चालू आहे म्हणून परत पाठवत नाहीत आणि हुकूम झालाय म्हणून सोडत नाहीत.

मी बाईंना मेल करायचो. उत्तर एकच, वाट बघा. माझ्या काळ्या कोटाला तिथं कोण विचारतंय.

दर सोमवारी मावशी नागनाथाचं दर्शन घेऊन कोर्टात यायची. बाकावर बसायची.

"तारीख पडली का रे?"

"न्हाई मावशी."

"पडंल. मी तुझ्यावर सोडलंय."

एकदा तरी तिनं मला शिव्या घालायला पाहिजे होत्या. नाही घातल्या. उलट बाया विचारायच्या तेव्हा सांगायची, आमचा वकील बघून राहिला.

दिवाळीनंतर तिनं खाट धरली. सुनील म्हणाला, अर्ज काढून घेतो, मला घरी पाठवा. तर त्यालाही कागद, त्यालाही वेळ. तेवढा वेळ मावशीकडं नव्हता.

काल दुपारी त्याचा फोन आला. तिथून ठरावीक मिनिटंच बोलता येतं. मावशी गेली म्हणून मी सांगितलं. मिनिटं सरत होती.

मग म्हणाला, "दादा, शेवटी काय सांगितलं तिला?"

"तारीख पडली म्हणून सांगितलं. तू येऊन राहिलास म्हणून."

"बरं केलंस," म्हणाला. फोन कटला.

मावशी, खोटं बोललो मी. तारीख पडलेली नाही.

त्या पहिल्या तारखेला त्याला जाऊ द्यायला पाहिजे होतं. तो विचारत होता, मीच नको म्हणालो.

माफ कर म्हणायला तोंड नाही मला. जा मावशी, नीट जा.